खाडीच्या तोंडाशी एक पान

आंबोन, ११ सप्टेंबर

प्रिय लास्तरी,

फोनवरच सांगितलं असतं, पण तुला फोनसाठी चर्चच्या टेकडीवर चढावं लागतं आणि तिथे आधीच चार जण कान टवकारून बसलेले असतात. म्हणून पत्र. बोटीवरच्या खानसाम्याच्या हाती देतेय.

बातमी चांगली आहे. आमच्या सहल-कंपनीच्या साहेबांना तुमच्या पाहुण्यांसाठीच्या तीन खोल्या फार आवडल्या, म्हणजे फोटोतल्या. ऑक्टोबरातल्या मोठ्या ओहोटीला पाहुणे पाठवायचं त्यांनी पक्कं केलंय. फक्त आठ नाही, चाळीस. ओरडू नकोस, पुढे वाच. रात्री ते तुआलच्या हॉटेलात राहतील, तुमच्याकडे फक्त दिवसभर. समुद्र मागे हटलेला बघायचा, तळावरून चालायचं, फोटो काढायचे, जेवायचं आणि जायचं. तुझे आणि तुझ्या नवऱ्याचे, आमच्या बोनीचे, नियम मी साहेबांना नीट समजावून सांगितले: एका वेळी आठच पाहुणे, प्लास्टिकची बाटली आणायची नाही, समुद्रातलं काही उचलायचं नाही. त्यांनी कौतुकाने मान डोलावली आणि म्हणाले, "चाळीस."

बापांच्या कानावर मी घातलंय. ते त्या दिवशी टेकडीवर होते. म्हटलं, "बापा, चाळीस जण येणार, सणाचा सदरा काढून ठेवा." ते म्हणाले, "म्हणजे ऐंशी पाय," आणि फोन ठेवला. खूश झाले असावेत. आई गेल्यापासून माझ्याशी फोनवर ते 'हं'च्या पुढे गेले नव्हते.

साहेबांचा माणूस, सुगियोनो, पुढच्या गुरुवारी जागा बघायला येईल. त्याचं स्वागत चांगलं कर. तुझ्याच जावा बेटावरचा आहे, त्यामुळे भाजीत साखर घातलीस तरी चालेल. बाकी कुणाच्या पानात घालू नकोस.

तुझी नणंद,
मार्सेलिना


ओहोइवेल, २१ सप्टेंबर

वन्सं, नमस्कार.

तुम्ही बसल्या आहात ना? नसाल तर बसा. माझ्या हातून खाडी बंद झाली आहे.

सुगियोनो येणार म्हणून मी धक्क्यावर कमान केली. आमच्या जावा बेटावर लग्न असो, पाहुणा असो, कोवळ्या पिवळ्या झावळीची कमान हवीच. मी झावळी चिरून तिचे पक्षी विणले, टोळ विणले, मधे चाफा खोवला. आणि वन्सं, चार वर्षं मी इथे नांदतेय, हावेअर मला माहीत नाही असं नाही. नारळाला झावळी गुंडाळलेली दिसली की त्या झाडाला हात लावायचा नाही, बागेच्या वाटेत दिसली की आत पाऊल टाकायचं नाही. पण ते कसं असतं? एक पान, एक गाठ. माझ्या कमानीवर टोळ होते हो! टोळ बघून कुणाला बंदी वाटेल?

सगळ्यांना वाटली.

बोनी असता तर त्याने अडवलं असतं, पण तो लाकूड आणायला मोठ्या केई बेटावर गेला होता. सकाळी मासे घेऊन होड्या आल्या, धक्क्यापाशी थांबल्या, वळल्या आणि शेजारच्या गावाच्या किनाऱ्याला लागल्या. ना हाक, ना शिवी. मी खिडकीतून हसून हात हलवत होते! मग सुगियोनोची होडी आली. त्याचा होडीवाला केईचाच. त्याने इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली. सुगियोनो ओरडतोय, "अहो, हे माझ्यासाठीच बांधलंय!" होडीवाला म्हणतो, "कुणासाठी का असेना, बंद आहे." बिचारा दुपारपर्यंत मांडीवर बॅग घेऊन उन्हात बसला आणि दुरूनच मला हात जोडून परत गेला. त्याच्यासाठी मी फणसाची गोड भाजी केली होती. ती बापांनी खाल्ली. म्हणाले, "साखर." एवढंच.

मी कमान उतरवायला धावले, तर गावप्रमुखांनी हात धरला. बांधलेलं पान असं ओरबाडून काढत नाहीत म्हणे. उद्या सगळ्यांसमोर चूक सांग, मग रीतीने काढू. मीही म्हटलं, बरं.

पण दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर खाडीच्या तोंडाशी, प्रवाळात रोवलेल्या काठीवर, आणखी एक पान! ते मी बांधलेलं नाही. ना टोळ, ना चाफा. खरंखुरं हावेअर. म्हणजे आता नुसता धक्का नाही, सगळी खाडी बंद. मोठ्या ओहोटीला बायकांना शिंपल्या वेचायच्या तर डोंगर ओलांडून पलीकडच्या किनाऱ्याला जावं लागणार. त्यांच्या नजरा कशा झाल्या असतील ते तुम्हाला सांगायला नको.

पंच बसले. ज्याने बांधलं त्याने पुढे यावं, म्हणाले. मोठ्या ओहोटीच्या दिवशी सारं गाव किनाऱ्यावर असतं, तोवर वाट बघायची. कुणीच बोललं नाही, तर हा सगळा माझ्या खुळेपणाचा पसारा समजायचा, पानं उतरवायची आणि आमच्या खोल्यांना कुलूप लावायचं. एक म्हातारी म्हणाली, "जिला पान कळत नाही, ती पाहुण्यांना काय शिकवणार?" मलाही ते पटलं.

तुमच्या चाळीस जणांचं उत्तर यातच आलं. पण वन्सं, भीती वाटतेय तेवढीच मला उत्सुकताही आहे. कुणी बांधलं असेल हो?

लास्तरी


आंबोन, २८ सप्टेंबर

लास्तरी,

सुगियोनो इथे येऊन सगळ्या ऑफिसला उन्हाने सोलून निघालेलं नाक दाखवतोय. मी मेजाखाली लपायचीच बाकी होते.

टोळ! अगं, आमच्याकडे तू झावळीचा हत्ती जरी विणून वाटेत आडवा बांधलास तरी ती बंदीच. दोन खांबांना दोन टोकं बांधलीस ना? झालं तर मग. नव्या सुनेला सांगायला हवं होतं असं कुणाला सुचलं नाही, हेही खरं. बोनीचे कान मी आल्यावर ओढीन.

आता कामाचं. खाडी बंद करायचा मान गावात तीनच घराण्यांना आहे: गावप्रमुखांच्या, तोबियासकाकांच्या आणि आपल्या. गावप्रमुख स्वतःच विचारत फिरतायत, म्हणजे ते नव्हेत. बापा तर नाहीतच. आईच्या मातीनंतर त्यांनी वल्हं छपरात खोचून ठेवलं ते आजतागायत काढलेलं नाही. त्यांची कंबर त्यांना चर्चच्या बाकावरून उठू देत नाही, ते काय खाडीच्या तोंडापर्यंत होडी हाकणार?

राहिले तोबियासकाका. ज्यांचा नारळ आपल्या अंगणात पडला म्हणून ते बापांशी बारा वर्षं बोललेले नाहीत, ते काका. तुमच्या पाहुण्यांवर त्यांचा राग असणारच. तरी उगाच आळ नको. त्या पानाची गाठ कशी आहे ते बघून लिही. प्रत्येक घराण्याची गाठ निराळी असते. मी लेक आहे या गावाची, बघताक्षणी ओळखीन.

आणि ते लवकर सुटायला हवं. साहेबांना मी चाळीस जणांसाठी अजून 'नाही' म्हटलेलं नाही.

मार्सेलिना


ओहोइवेल, ४ ऑक्टोबर

वन्सं,

बोनीने मला होडीतून जवळ नेलं. पानाला हात न लावता बघितलं. पान काठीभोवती दोनदा वळवलंय आणि टोक आत खुपसलंय. बाहेर काहीच लोंबत नाही. कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं ते कळतच नाही. बोनी म्हणाला, "मला काय विचारतेस, मला नायलॉनच्या गाठी येतात." तुमच्या कुटुंबाचा हा वारस!

गावात माझं नवं नाव पडलंय: नवरी. विहिरीवर गेले की पंचांपुढे बोललेली तीच म्हातारी विचारते, "काय गं, एवढी कमान उभारलीस, नवरदेव कुठाय?" हसून घेते. एकदा मात्र घरी येऊन रडले. बापा दारातच बसले होते, त्यांनी पाहिलं. जेवताना ठेचा चाखून म्हणाले, "आज साखर नाही?" चार वर्षं ज्या साखरेला नावं ठेवली, तीच मागितली! मी घातली. मुकाट्याने खाल्ला.

आणखी एक. ते अधूनमधून स्वतःशीच "ऐंशी" म्हणतात. वय तर त्यांचं चौऱ्याहत्तर. वन्सं, म्हातारपणी असं होतं का? मला काळजी वाटते.

लास्तरी


आंबोन, ९ ऑक्टोबर

लास्तरी,

दोनदा वळवून टोक आत. तोबियासकाकाच. शंकाच नको. एम्बालची, कसाव्याच्या पिठाची, भाकरी घेऊन जा, आधी पाया पड, मग विचार.

बापांना ऊन लागू देऊ नकोस.

मार्सेलिना


ओहोइवेल, १९ ऑक्टोबर

वन्सं,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर मीच गोंधळेन.

आधी तोबियासकाका. भाकरी घेऊन गेले, पाया पडले, विचारलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पोरी, मी बांधायचं ठरवलं असतं तर तुझ्या सासऱ्याच्या तोंडावर बांधलं असतं!" मी म्हटलं, पण गाठ तुमच्या घराण्याची आहे. त्यावर त्यांचं हसणं थांबलं. मग भाकरी मोडून अर्धी मला परत दिली आणि म्हणाले, "गाठ विचारायला माझ्या दारी कशाला आलीस? घरी जा." मला वाटलं, रागावले.

मग ओहोटीचा दिवस उजाडला. आमच्याकडे आधीच ठरलेले आठ पाहुणे पलीकडच्या गावच्या किनाऱ्याला उतरले आणि डोंगर ओलांडून चालत आले. समुद्र हटला, हटला, दिसेनासा झाला. ओला तळ उघडा पडला, त्यावर शिंपल्या, खेकडे, गोगलगाई, सगळं हाताच्या अंतरावर. आणि कडेला सारं गाव उभं. बायकांच्या काखेत टोपल्या होत्या, सवयीने आणलेल्या. कुणी खाली उतरलं नाही. पाहुण्यांपैकी एक बाई मला हळूच म्हणाली, "पण राखण करायला कुणीच नाही!" मी म्हटलं, "कशाला हवं?" तिचा पाय वाळूवरून पुढे गेला तेव्हा मी तिचं कोपर धरलं. धरल्यावर माझ्या लक्षात आलं की मी विचार न करता धरलं.

गावप्रमुखांनी विचारलं, "पान कुणाचं?" कुणी बोलेना. विहिरीवरची ती म्हातारी म्हणाली, "विचारता काय, नवरीला विचारा!" सगळे हसले. बोनी काही बोलणार तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला.

बापा. सणाचा सदरा घालून.

म्हणाले, "मी बांधलं. तोंडाशी मी. धक्क्यावरचं माझ्या सांगण्यावरून सुनेने."

वन्सं, तुमच्या वडिलांनी साऱ्या गावासमोर धादांत खोटं सांगितलं, ते माझ्यासाठी! गावप्रमुखांनी विचारलं, "बरं, मग त्यावर टोळ कशाला?" बापा माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला आवडतात." मग जो हशा पिकला! हसण्यात पहिले तोबियासकाका. ते बापांच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं. गाठ याचीच आहे." बारा वर्षांनी काढलेलं पहिलं वाक्य.

पंचांनी मानलं. खाडी बापांनी बंद केली, रीतसर. उघडेल तीही तेच सांगतील तेव्हा. आमच्या खोल्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मी खरं सांगायला हवं होतं का? तोंड उघडलं होतं. बापांनी काठी माझ्या पायावर टेकवली, चांगली जोरात. अजून निळं आहे. घरी आल्यावर विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?" म्हणाले, "तेव्हा बोललो असतो तर म्हणाले असते, सुनेची बाजू घेतोय. एवढे दिवस पान राहिलं. कुणी हात लावला नाही. आता ते खरं आहे."

वल्हं छपरात परत खोचलेलं आहे. मी हात लावून बघितलं. पात्याला मीठ होतं.

लास्तरी


आंबोन, २७ ऑक्टोबर

लास्तरी,

तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि रडले, त्यामुळे सुगियोनोला वाटलं घरी कुणी गेलं.

बापा खोटं बोलले! लहानपणी मी एका आंब्यासाठी खोटं बोलले, तर त्यांनी मला दिवसभर अंगणात उभं केलं होतं. आणि तुझ्यासाठी गावासमोर! रागावू नकोस, पण मला आधी हेवा वाटला. मग 'ऐंशी' आठवलं. ऐंशी पाय. प्रवाळावर. मी मूर्ख, मला वाटलं म्हातारा खूश झाला.

म्हणजे ते पान माझ्याविरुद्ध होतं. माझ्या चाळीस जणांविरुद्ध. तुझी कमान नुसतं निमित्त. हो ना? त्यांना विचारशील का, कुणासाठी बांधलं? माझ्यासाठी की तुझ्यासाठी? मला जे असेल ते कळू दे.

साहेबांना सांगून टाकलं, खाडी बंद आहे. विचारतात, "उघडायची तर कुणाशी बोलावं लागेल?" म्हटलं, आहेत एक गृहस्थ, पण ते फोन ठेवून देतात.

मार्सेलिना


ओहोइवेल, २ फेब्रुवारी

वन्सं,

उशीर झाला, कारण उत्तर मिळायला उशीर झाला. तुमचा प्रश्न मी बापांना तीनदा विचारला. दोनदा ते "हं" म्हणाले. तिसऱ्यांदा काल, होडीत.

काल खाडी उघडली. बापा म्हणाले, धक्क्यावरचं तू बांधलंस, तू सोड. सोडलं. टोळ वाळून कुरकुरीत झाले होते. ते विहिरीवरच्या म्हातारीने नातवासाठी मागून नेले. मग बापांनी स्वतः वल्हं काढलं आणि मला एकटीला होडीत बसवून तोंडाशी नेलं. बोनी किनाऱ्यावरून "कंबर, बापा, कंबर!" असं ओरडत राहिला.

तिथे पोचल्यावर विचारलं, "बापा, कुणासाठी?" त्यांनी पाण्यात बोट दाखवलं. खाली बाळ-गोगलगाई होत्या, काठीच्या बुडाला लगडलेल्या. म्हणाले, "दोघीही माझ्याच. एक बाहेरून माणसं पाठवते, एक आत घेते. मधे कुणीतरी उभं राहायला हवं ना?" मग एकदम रागावले. "किती बोलायला लावतेस!"

आणि वन्सं, त्यांनी मला पान सोडू दिलं. सोडल्यावर म्हणाले, आता बांध. मला येईना. त्यांनी माझे हात धरून बांधून दाखवलं. चुकलं की सोडायचं, पुन्हा. मी म्हटलं, "बापा, बोनीला शिकवा की." ते म्हणाले, "तो नायलॉनवाला." परत येताना सांगितलं, "मी गेल्यावर तोंडाशी तू बांधायचं. पण टोळ नको."

पहिल्यांदा जमलेली गाठ सोबत पाठवतेय. जरा वाकडी आहे. तुम्ही ओळखालच.

पुढच्या महिन्यात पाहुण्यांची दोन कुटुंबं आहेत, मिळून सात जण. आठवी जागा रिकामी आहे.

लास्तरी


आंबोन, १२ फेब्रुवारी

लास्तरी,

गाठ मिळाली. मी ती ओळखली नाही.

तुला आता सांगते. तोबियासकाकांची म्हणून जी सांगितली, ती मी ठोकून दिली होती. मला त्या गाठी येतच नाहीत, कुणाचीच नाही. दहा-अकरा वर्षांची होते तेव्हा बापांमागे लागले होते, मला शिकवा म्हणून. ते म्हणाले, "तू जाणार." खरंच होतं, गेले. तेव्हा फार लागलं नव्हतं. परवा पाकीट उघडलं तेव्हा लागलं.

वाईट वाटून घेऊ नकोस. मी रागावलेली नाही. तू दुसऱ्या बेटावरून आलीस आणि ती तुझ्या हातात गेली, हे मी दोन दिवस उलटसुलट करून बघितलं. शेवटी असं वाटलं की बरं झालं, घरातच राहिली. पान काउंटरवर ठेवलंय. साहेबांनी उचलून बघायला हात पुढे केला, तर सुगियोनोच ओरडला, "हात नका लावू!" त्याला चांगलंच ऊन लागलेलं आहे.

मी पुढच्या महिन्यात येते. आठवी म्हणून धरू नकोस मला, मी घरची आहे. स्वयंपाकघरात झोपेन. तुला वेळ असेल तर मला ती गाठ शिकव. बापांना सांगू नकोस, किंवा सांग, ते "हं" म्हणतील.

आणि धक्क्यावर पान बांधलेलं असेल, तर मी होडीतच थांबेन. तू येऊन सोड.

मार्सेलिना